मेंढीच्या लेंडीतलं सेलेनियम

मुलांनो, तुमच्या तिकडच्या मेंढ्या पुस्तकातच हसत असतील. वडूजच्या आपल्या मेंढ्यांना पोटही असतं. त्या पोटाचा ताबा तुमच्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, फौजेतून निवृत्त होताच घेतला.

आपल्याकडे रात्री रानात मेंढ्या बसवतात. लेंडी-मूत तिथंच पडतं, रान आयतं खतावतं. आपल्या मातीत सेलेनियम नावाचं खनिज कमी असावं, असं दिरांनी मोबाइलवर वाचलं. त्यांनी एक हंगाम मेंढ्यांना खनिजाची भुकटी चारली, त्यांना लसूणघासाच्या वाफ्यात बसवलं आणि मग भुकटी कायमची बंद केली.

"वैनी, लय सोपं हाय. मेंढी टाकणार, घास उचलणार, मेंढी परत घास खाणार. घरातलं घरात!"

इतकी सोपी गोष्ट शास्त्रज्ञांना सुचू नये, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढच्या हंगामात कपाळावर पांढरा टिळा असलेलं कोकरू झालं. थोडे दिवस बागडलं, मग त्याचे मागचे पाय ताठले. आईच्या आचळापर्यंतही पोचेना. मी बाटलीनं दूध पाजू लागले. दीर त्याला "सावधान" म्हणून उभं करू लागले. कोकरानं हुकूम मोडला. शेवटी मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. भुकटीची हकीकत ऐकून त्यांनी कोकराला सेलेनियमच कमी पडल्याचं सांगितलं आणि त्या दिरांकडे वळल्या.

"आबा, मेंढीच्या पोटातले जंतू बरंचसं सेलेनियम असं बदलतात की ते तिच्या अंगी लागत नाही. लेंडीतून पडतं, पण घासालाही सहजी उचलता येत नाही."

"म्हंजी माझं सेलेनियम रानात पेन्शन खात बसलंय?"

"तसंच समजा."

"मग डबल भुकटी चारतो!"

"अजिबात नको! जास्त झालं तर विष होतं." बाईंनी मोजून सुई टोचली. "या सुईतलं सेलेनियम अंगी लागेल, उरलेलं बहुतेक मुतातून जाईल. हृदयाला धक्का पोचला नसेल, तर वाचेल पिल्लू."

दिरांनी माझ्या हातातली बाटली घेतली ती परत दिलीच नाही. जेवायलाही गोठ्यातच बसले.

काही दिवसांनी सकाळी कोकरू आपणहून उठलं. दीर चकचकीत बुटांसकट धावले, त्याला सावरायला वाकले. कोकरानं पाय फाकवले आणि थेट बुटावर मुतलं.

"आवं वैनी, सेलेनियम चाललं की!" दीर हसत होते, डोळे मात्र पुसत होते.

"बूट घासाच्या वाफ्यात धुवा, भावजी," मी म्हटलं. "घरातलं घरात राहील."