बेडशाचे किसनभाऊ जीपवाले

माणसं भेटली की एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात. किसनभाऊ पेट्रोलचा दर विचारायचे. मुंबईहून कुणाकडे पाहुणा आला, की त्याची पिशवी खाली ठेवायच्या आत यांचा प्रश्न, "पाव्हणं, पनवेलात काय दर हाये?" बिचारा पाहुणा एस.टी.ने आलेला असे. त्याला काय ठाऊक! पण भाऊंना कामशेत, सोमाटणे, लोणावळा, पुणे, सगळीकडचे दर तोंडपाठ असत. दोन ठिकाणी दोन-चार पैशांचा फरक निघाला, की तो का, याचा छडा लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एकाहत्तर साली मी पवन मावळात बेडशाच्या लहानशा दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस मी, एक कपाट आणि चार बाटल्या. अवघड केस असली की तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यावी लागे, आणि आसपासच्या आठ-दहा गावांत चारचाकी वाहन एकच होतं. लष्कराच्या लिलावातून घेतलेली किसनभाऊंची जीप. तिचा रंग कधीकाळी हिरवा असावा. भाऊ पंचेचाळिशीचे, हाडापेराने किडकिडीत, दोन भुवयांच्या मध्ये कायम एक उभी आठी. बायको सरूवहिनी. मूलबाळ नव्हतं.

बाजाराच्या दिवशी जीपमध्ये दहा-बारा माणसं कोंबून ते कामशेतला नेत आणि वाटेत त्यांची शाळा भरे. "त्येल आपल्या जिमिनीत घावत न्हाई," ते सांगत. "दर्यापार वाळवंटात घावतं. तितनं जहाजानं मुंबईच्या बंदरात येतं. बंदरातनं टँकर निगतो. आता टँकरबी त्येल पितो, त्याचा ड्रायव्हरबी जेवतो. जितकं लांब न्याल, तितकं त्याच्या जेवनाचं पैसं आपल्या लिटरात मिसळत्यात."

"मंग लोणावळा मुंबईच्या जवळ. तितं सस्तं पायजे," मागून कुणीतरी खुसपट काढी.

"तितं नगरपालिका हाये ना! जकात नाक्यावर बसलीय. सोमाटण्याचा पंप हद्दीच्या भाईर, त्याला जकात न्हाई. आन् या समद्यांच्या आदी सरकारचा कर. टँकर, नाका, सरकार, समदी पिऊन र्‍हायलेलं माज्या जीपला मिळतं." जीपमध्ये हशा पिकायचा. मीही हसायचे. एवढं स्वच्छ अर्थशास्त्र मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

त्र्याहत्तरची दिवाळी सरली आणि पेट्रोलचा भाव एका उडीत असा चढला, की पंपावरच्या माणसाने पाटी पुसून नवा आकडा लिहिला तेव्हा भाऊंना वाटलं, त्याच्या हातून चूक झाली. त्यांनी त्याला पुन्हा विचारलं. अरबांच्या मुलखात लढाई झाली, तेल अडलं, असं तो म्हणाला. भाऊ टाकी न भरता, थोडंसंच घेऊन परत आले. संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाले, "बाई, लढाई कुटं, आन् मेलं कोन बगा."

त्यांनी भाडं वाढवलं. गावात गिल्ला झाला. मारुतीच्या पारावर लोक जमले. सरपंच आबा तोंडावर म्हणाले, "किसन, पंपावर वाढलं म्हनून तू सांगतुयास. आमी कुटं बगाया गेलतो?" भाऊंनी वाद घातला नाही. दुसर्‍या दिवशी आबांना आणि आणखी दोघांना जीपमध्ये घालून, स्वतःचं पेट्रोल जाळून, थेट सोमाटण्याच्या पंपावर नेलं आणि पाटीसमोर उभं केलं. तिघांनी पाटी वाचली. परत येताना आबा म्हणाले, "तुजं खरं हाये, किसन. पन आमाला न्हाई परवडत. आमी चालत जाऊ."

आणि लोक खरंच चालत जाऊ लागले. खिंड ओलांडून, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन. जीप बाजाराच्या दिवशीही वडाखाली उभी असायची. मग जीपमध्ये बसायला उरले फक्त आजारी.

इथे मला माझं सांगायला हवं. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं नव्या भाड्याचा आकडा ऐकून पेशंटला परत घरी न्यायला लागली. न्यूमोनिया झालेलं एक पोर त्यांनी तसंच माघारी नेलं. ते वाचलं, पण मी हादरले. मी भाऊंच्या घरी गेले आणि म्हणाले, "भाऊ, बाकीच्यांचं काहीही करा. पेशंटचं भाडं तेवढं जुनंच ठेवा."

"बाई, जुन्या भाड्यात निम्म्या वाटंचंबी पेट्रोल येत न्हाई."

"कसंही करून जमवा. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

सरूवहिनी काहीतरी बोलणार होत्या. भाऊंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "ठेवतो," म्हणाले. कसं ठेवणार, ते मी विचारलं नाही. चांगलं काम केल्याच्या समाधानात घरी आले.

महिन्याभराने दिवेलागणीला त्यांच्या घरावरून जाताना पाहिलं, तर सरूवहिनी अंधारात, चुलीच्या उजेडात भाकरी थापत होत्या. मी विचारलं, "दिवा नाही लावला?" त्या म्हणाल्या, "रेशनचं रॉकेल सपलं." पुढे पेशंट घेऊन जाताना जीपच्या मागून निळसर धूर येताना दिसला. वास तर ओळखीचाच होता. माझ्या स्टोव्हला रोज तोच यायचा. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "इंजान जुनं झालंय," एवढंच बोलले. मला कळलं होतं. मला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. आम्ही दोघंही गप्प बसलो, कारण गाडी चालत होती.

चैत्रातली दुपार होती. वाडीवरून चौघांनी झोळीत घालून हिरा नावाच्या बाईला दवाखान्यात आणलं. विशीची असेल, पहिलटकरीण. दोन दिवस कळा देत होती. मूल आडवं होतं. माझ्या हातात काही नव्हतं. मी निरोप धाडला आणि भाऊ जेवत्या ताटावरून उठून आले. जीपमध्ये मागे हिरा, तिची सासू आणि मी. पुढे भाऊंच्या शेजारी तिचा नवरा, लक्ष्मण.

खिंडीचा चढ लागला तसं इंजिन ठोके द्यायला लागलं. भाऊंनी गिअर बदलला. अर्ध्या चढावर जीपने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. भाऊ उतरले, झाकण उघडलं, प्लग काढले. काजळीने काळे ठिक्कर. धोतराने पुसले, बसवले, हँडल मारलं. पुन्हा पुसले. पुन्हा हँडल. मी घड्याळ बघत होते. हिरा आधी ओरडत होती, मग कण्हू लागली.

"माथ्यापत्तुर ढकलूया, उतारावर सुरू हुईल," लक्ष्मण म्हणाला. तो, सासू आणि मी ढकलू लागलो. एका हाताने स्टिअरिंग धरून भाऊही ढकलत होते. उन्हाने डांबर मऊ झालं होतं, चपला चिकटत होत्या. पन्नासेक पावलं गेलो असू. मग सासूने मला हाक मारली. आतून हिराचा आवाज येईनासा झाला होता.

खालून एक बैलगाडी येईपर्यंत दीड तास गेला. कामशेतला एका ट्रकवाल्याने आम्हाला घेतलं. वडगाव मागे पडलं आणि माझ्या बोटांखालची नाडी थांबली. मी ते सासूला लगेच सांगितलं नाही. तळेगावच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत ती सुनेच्या कपाळावर ओला पदर ठेवत होती.

भाऊ खिंडीतच राहिले होते. दुसर्‍या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. हात काळे, तसेच न धुतलेले. "बाई, त्यात रॉकेल व्हतं."

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

ते म्हणाले, "मी वाडीवर जातो. त्यास्नी सांगतो." मी त्यांना नको म्हटलं. मला भीती वाटत होती. खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा माझ्यासाठी. ते गेले. डोंगर चढून, एकटे. संध्याकाळी परतले ते धड, पण माणूस आत कुठेतरी कोसळून आला होता. त्यांनी लक्ष्मणला सगळं सांगितलं होतं. मारतील, कोयता काढतील, अशी तयारी करून गेले होते. लक्ष्मणने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमी आला तरी, भाऊ. दुसरं कोन आलं आसतं?" मग त्याने भाऊंना पाणी दिलं.

"त्यानं मला हानलं आसतं तर बरं झालं आसतं," भाऊ म्हणाले. "पानी दिलं हो बाई. पानी दिलं."

त्यानंतर त्यांनी जीपला हात लावला नाही. बैल जुंपून ती खिंडीतून ओढून आणली होती, ती वडाखाली तशीच राहिली. पावसाळ्यात तिच्या टपाचं कापड फाटलं. श्रावणात शेजारच्या गावातल्या एका म्हातार्‍याला विंचू चावला, भाद्रपदात एका बाईचा रक्तस्राव थांबेना. दोघांनाही बैलगाडीतून नेलं. म्हातारा वाचला. बाई खिंडीच्या अलीकडेच गेली. तेव्हा सरपंच आबा स्वतः भाऊंच्या दारात आले. "किसन, आमी वर्गणी काडतो. गाडी सुरू कर. वाढीव भाडं देऊ."

किती उशिरा सुचलं होतं ते! भाऊ उंबर्‍यावर बसले होते. म्हणाले, "चालवली तवा येक मेली, न्हाई चालवली तवा येक मेली. आता मला इचारू नगा, आबा. मला त्यातलं काय बी कळत न्हाई."

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या दिवशी भाऊ न बोलावता आले आणि माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन चालू लागले. खिंडीचा चढ आम्ही दोघं चढू लागलो. मी ठरवलं होतं, की वर पोचल्यावर बोलायचं: भाऊ, जुनं भाडं ठेवा म्हणणारी मी होते, तुम्ही एकट्याने घेऊ नका. पण त्यांची मान ट्रंकेखाली ताठ होती, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि मी नुसती त्यांच्या मागून उतार उतरत राहिले. स्टेशनवर त्यांनी ट्रंक डब्यात चढवली. "सांबाळून र्‍हावा, बाई," म्हणाले आणि गाडी सुटायच्या आधीच वळून चालायला लागले.

दोन वर्षांनी बेडशाच्या शाळामास्तरांचं पोस्टकार्ड आलं. किसनभाऊ गेले. ताप आला, चार दिवस अंगावर काढला, पाचव्या दिवशी बैलगाडीत घातलं; पोचले नाहीत. सरूवहिनी माहेरी गेल्या. शेवटी जागा थोडी उरली होती, तिथे मास्तरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: आपल्या भागात अजून दुसरी गाडी आलेली नाही.