संघटनेची एकुलती एक चटई
आमच्या जिल्हा क्रिकेट संघटनेची ते मीटिंग आठवली का अजूनही चीड येते, खरं सांगतो!

आपण वर्ल्ड कप नुकताच जिंकलता, गल्लोगल्ली पोट्टे बॅट घेऊन फिरत. आमच्या सिंदीत माहा चुलतभाऊ, आमचा दादा, असा फास्ट टाके का विकेटकीपर मागं सरकत सरकत पार बाउंड्रीले लागे. त्याले एकच पाहिजे होतं: नागपूरवाल्या सिलेक्टरायनं एकदा पाहावं. त्यासाठी जिल्ह्याची टीम. टीमसाठी आपला क्लब संघटनेचा मेंबर पाहिजे. अन् मेंबर व्हाले चटईवर मॅच खेळलेली पाहिजे.

चटई म्हणजे काथ्याची, मातीच्या पिचवर अंथराची. जिल्ह्यात एकच, तेही सेक्रेटरीच्या घरी. मागाले गेलतो तं म्हणे, "लग्नात गेली." पुन्हा गेलो तं बारशात! लोक तिच्यावर पंगतीले बसून राह्यले होते, कढी सांडून राह्यले होते, अन् आमाले मॅचले भेटत नाई!

शेवटी मी अन् दादा मीटिंगलेच गेलो, बोरगावले, सेक्रेटरीच्या बैठकीत. एका क्लबाले एक मत. क्लब कोण? सेक्रेटरीचा साळा, मुनीम, दोन भाडेकरू. मी मुनीमाले विचारलं, "काका, तुमचा क्लब कुठचा?"

"गिरडचा."

"तिथं ग्राउंड कुठी आहे?"

"टेकडीवर!"

"अन् बॉल खाली गेला तं?"

"तं सिक्स, बापू!"

सारे खदाखदा हसले. मतदान झालं तं साऱ्यायच्या एका हातात चिवड्याची बशी, दुसरा हात वर. कायले वर करून राह्यले, कोणाले मालूम नाई! आमची मेंबरशिप नामंजूर: "चटईवर मॅच नाई झाली तुमची." जिल्ह्याच्या टीममधी फास्ट बॉलर म्हणून घेतला सेक्रेटरीचा भाचा, ज्याचा बॉल विकेटकीपरपर्यंत पोचता पोचता दोनदा टप्पे खाये.

निघालो तं सेक्रेटरीनं दादाले हाक मारली. "तू तगडा दिसतं बे. टीमसंग नागपूरले येजो. चटई उचलाले माणूस पाहिजे."

माहं डोकं सणकलं. "चाल दादा!" म्हटलं.

दादा जागचा हलला नाई. "येतो जी," म्हणे. "माहा बॉल आणू का संग?"

"बॉल कायले?"

"प्रॅक्टिसले टाकीन दोन-चार. कोणी पाह्यलं तं पाह्यलं."