बंकटमामांचा तवा

निवृत्त फौजी बंकटमामांना माजी सैनिकांच्या रायफल स्पर्धेत उतरायचं होतं. सरावासाठी त्यांनी लेकीला स्थळं पाहावीत तशी टार्गेटं पाहिली. पुठ्ठा शेळ्यांनी खाल्ला, डबा वाऱ्यानं नेला. शेवटी पसंत पडला ट्रॅक्टरच्या नांगराचा जाड लोखंडी तवा. सहज नेता येतो आणि गोळी लागली की लांबूनही ठणठणतो.

"घरून तवा आणून डोंगराखाली टांग," त्यांनी मेंढपाळ राधाकिशनला सांगितलं.

मामांनी पाच गोळ्या झाडल्या. एकदाही ठणठणाट नाही.

"डोळे गेले बे! स्पर्धेतून नाव काढतो."

जवळ जाऊन पाहतात तर भाकरीचा पातळ तवा, त्याला पाच भोकं! तेवढ्यात तवा शोधत, मामांचं बोलणं ऐकतच त्यांच्या पत्नी कडूमामी पोचल्या.

"नाव राहू द्या, नेम लई भारी हाय. पण आज भाकरी काय नांगरावर भाजू?"