रविवारच्या पाहुण्यांचं मला कावून सांगितलं न्हाई?

माझ्याच घरात पाहुणे बोलावत्यात आन मलाच पत्ता न्हाई! भावकीच्या ग्रूपवरल्या समद्यांनो, नमस्कार मागून करते, आधी हे वाचा.

आज दुपारी नातीनं, आमच्या राणीनं, मोबाईलवर पिच्चर लावला. त्यातली पोरगी बापाला उलटं बोलती, शाळेची भिंत चढती, केस कापती. राणी मात्र पिच्चर सोडून माझ्याच तोंडाकडं बघत होती. वर शेंगा सोलून हातात देत होती. मला तवाच संशय आला. ही पोर एरवी पाण्याचा तांब्या देत न्हाई.

पिच्चरमधली पोरगी घर सोडून निघाली, तसा राणीनं मोबाईल थांबवला.

"आज्जे, हिचं चुकलं का गं?"

"तुला कावून पायजे?"

"रविवारी मला बघाया नांदूरघाटचे पाहुणे येणार हायत. पप्पा म्हणले, आज्जीला सांगू नको, ती मोडता घालंल."

धाव्वीतली पोर! म्हणून सून सकाळपासून पडदे धूत होती व्हय?

घालणारच मोडता. माझ्या होकाराबगर ह्या घरात सुपारी फुटत न्हाई.

उत्तर माझ्या लेकानं द्यायचं, इथंच, समद्यांम्होरं. बायकोला पुढं करायचं न्हाई आन नुसता अंगठा पाठवायचा न्हाई.