आवाज फाटू न देणारा माणूस

आधीच सांगते, माझं डोकं फिरलेलं आहे. एकीकडं बाप, एकीकडं नवरा. दोघंही नुसतं 'हाव, हाव' म्हणत एकमेकांच्या होला हो देणार आणि मधल्यामध्ये माझं भरीत होणार. आणि हे सगळं कशापायी? तर एका लोखंडी डब्यापायी!

हा डबा म्हणजे माझ्या वडिलांचा, आबांचा, व्हॉल्व्हवर चालणारा जुना अॅम्प्लिफायर. चालू केला की आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू तापून लालसर होतात आणि मग कुठं आवाज येतो. दगडोबा गजभारे लाऊडस्पीकरवाले म्हणलं की भोकर तालुक्यातली जुनी माणसं अजून ओळखतात. जयंती असो, लग्न असो, सभा असो, बैलगाडीत डबा आणि कर्णे टाकून आबा निघायचे. कर्णा लिंबावर बांधला की कुणाला तरी माईकसमोर बोलायला उभं करायचे आणि स्वतः चालत चालत पार शेवटी, जिथं बायका पोरं घेऊन बसलेल्या असायच्या तिथं जाऊन उभे राहायचे. तिथं शब्द न् शब्द कळला तर मान हलवायची. जरा घरघर आली, आवाज फाटला, की परत डबा उघडायचा. पुढारी खोळंबायचे, चिडायचे. आबा ढिम्म.

"अगं, आपला माणूस पहिल्यांदा गावासमोर उभा राहून बोलायचा," ते मला सांगत. "बापजाद्यांना तोंड उघडायची मुभा नव्हती. आता उघडलं तर शब्द फाटका जावा? लोक म्हणतील, काय बडबडून राहिला, कळंना!"

दगडोबाचा आवाज फाटत नाही, एवढीच त्यांची आयुष्याची कमाई. जमीन नाही, बंगला नाही. पुढं ट्रान्झिस्टरची मशिनं आली, डीजे आले, आबांचा धंदा बसला, तरी ते नाव काही बसलं नाही.

आता आमचे हे, अश्वजित. नांदेडला सरकारी कचेरीत नोकरी करतात आणि उरलेल्या वेळात गिटार. मागच्या वर्षी आबांनी आपण होऊन म्हणलं, "जावईबापू, डबा पडून हाय, घेऊन जा." झालं! माहेराहून सोन्याची वीट आल्यासारखे नाचत घेऊन आले. याचा गिटारचा अॅम्प करणार म्हणे. कर्ण्याच्या जागी लाकडी खोक्यात स्पीकर बसवला, आतले जुने कपॅसिटर बदलले, माईकच्या जागी गिटारची पिन लावली. माझी बैठकीची खोली कधी गेली मला कळलंच नाही. सोफ्यावर पक्कड, टीव्हीवर तारा, पाहुणा आला की स्वयंपाकघरात बसवायचा.

आणि गिटारवाल्यांना आवाज कसा लागतो, ठाऊक आहे? फाटका! खरंच. व्हॉल्व्हला बेताबाहेर ताण दिला की जो घोगरा, चिरत जाणारा आवाज निघतो, त्याच्यासाठी ही माणसं जीव टाकतात. मी म्हणलं, "अहो, फाटकंच पाहिजे तर वरातीतला डीजे काय वाईट आहे?" तर माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांच्या आईला काही बोलले.

जयंतीच्या कार्यक्रमात ह्यांना मित्रांबरोबर वाजवायचं होतं. नवं गाणं, त्यात मध्येच गिटार गरजणार. तेवढ्यासाठी सगळा आटापिटा. आणि मार्चमध्ये आबा आमच्याकडं आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला.

आता आमच्याकडची रीत ऐका. सासऱ्यानं जावयाची चूक तोंडावर दाखवायची नाही, जावयानं सासऱ्याला उलटून विचारायचं नाही. मेले तरी नाही. आबांनी उघडा पडलेला डबा बघितला, घसा खाकरला आणि म्हणाले, "काय करून राहिले, जावईबापू?"

"गिटारसाठी करून राहिलो, आबा."

"हाव. करा की."

संपलं बोलणं! कसा आवाज पाहिजे, ते ह्यांनी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

तिथून माझ्या घराला साडेसाती लागली. हे संध्याकाळी बसून डबा असा जमवायचे की गिटारची तार छेडली की आवाज वाघासारखा गुरगुरत फाटायचा. खूश! दुसऱ्या दिवशी कचेरीतून येऊन लावला की आवाज एकदम निर्मळ, आरशासारखा. परत उघडा. सगळं जागच्या जागी. वैतागून तारा काढून परत नव्यानं जमवा. परत दुसऱ्या दिवशी निर्मळ. असं होत होत हे पार बेजार झाले. जेवणात लक्ष नाही, पोरीला अभ्यासाला घ्यायचं नाव नाही. व्हॉल्व्हच खराब म्हणून लातूरला जाऊन एका जुन्या रेडिओवाल्याकडून दुसरे आणले. तेही तसेच. मग त्या बिचाऱ्याला फोनवर, "नकली माल देऊन राहिले का तुम्ही? लोकांना चुना लावता?" तो म्हणतो, "साहेब, माल अस्सल हाय, तुमचा हात तपासा." मग तर विचारू नका. हे चिडून मलाच म्हणाले, "तू पुसताना हात लावतेस का त्याला?"

मी! ज्या डब्यात चारशे व्होल्ट खेळतात म्हणून मी लांबून झाडू मारते, त्याला मी हात लावू? मी पण दिलं ऐकवून. दोन दिवस अबोला. आबा सगळं ऐकत होते. कुठल्याच बाजूनं एक शब्द नाही.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मी शिक्षिका आहे, शनिवारी सकाळची शाळा असते. घरात आले तर सोल्डर जळल्याचा वास. बघते तर काय! आबा जमिनीवर वाकलेले, डोळ्यावर हिरवी पट्टी, शॉक बसू नये म्हणून एक हात पाठीमागं धरलेला आणि दुसऱ्या हातात सोल्डरिंगची तापलेली सळई. डॉक्टरनं वाकू नका म्हणून दहादा सांगितलं होतं.

"आबा!" मी अशी ओरडले की शेजारच्या गुणाबाई दारात आल्या.

"हळू बोल," आबा म्हणाले. "जावईबापूला कळायला नको. त्यांच्या हातून हा एक रेझिस्टर रोजच निसटून राहिला. तो नसला की आवाज फाटतो. शिकलेले हायत, पण हे त्यांना माहीत नसंल. मी आपला जुन्या तारेच्या कापडी नळीत सरकवून जोडून देतो. बाहेरून दिसत न्हाई. त्यांना कामून वाटावं, सासरा अक्कल शिकवून राहिला?"

हसावं की कपाळ बडवावं, मला कळेना. मी खाली बसले. म्हणलं, "आबा, तो निसटत नाही. ते काढतात. त्यांना फाटकाच आवाज पाहिजे."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

आबांनी सळई बाजूला ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मीच बिघडवून राहिलो व्हतो." माझ्या बापाचा असा पडलेला चेहरा मी आई गेली तेव्हाच बघितला होता. मला नवऱ्याचा असा संताप आला! एक शब्द बोलायला काय झालं होतं या माणसाला?

हे मित्रांकडून आले तेव्हा सगळं सांगितलं. डोकं धरून बसले. "त्या लातूरच्या माणसाला मी चोर म्हणलो, पंचशीला!" म्हणलं, त्याला फोन करा, पण आधी आबांशी बोला. उठले, आतल्या खोलीत गेले. मी दाराशी कान लावून.

"आबा, चहा घेणार?"

"हाव."

घ्या! एवढंच बोलले!

दुसऱ्या दिवशी रविवार. आबांनीच डबा पुढं ओढला. तो रेझिस्टर काढला, आणखी एक तार इकडची तिकडं केली, एक भाग बदलायला सांगितला. हे मुकाट देत गेले. "वाजवा," आबा म्हणाले. ह्यांनी तार छेडली आणि आवाज असा फाटत, गरजत गेला की खिडकीच्या काचा थरथरल्या. ह्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आबा, असा मला जन्मात फाडता आला नसता."

"जन्मभर ज्याच्यापासून पळालो, त्याच्या वाटा ठाव असतातच की," आबा म्हणाले. चेहऱ्यावर ना राग, ना हसू. मग माझ्याकडं वळून, "पॉलिश पेपर हाय का घरात?"

मला वाटलं, गंज काढायचा असेल. आणून दिला. तर त्यांनी डब्याची पुढची बाजू आपल्याकडं फिरवली. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं त्यांनी स्वतः लिहिलेलं, 'दगडोबा गजभारे, भोकर'. ते घासायला लागले.

"आबा, हे काय करता? नाव राहू द्या की!"

"चांगलाच वाजतो तो, जावईबापू वाजवतात म्हणल्यावर चांगलाच असणार. पण या नावाखाली आजवर आवाज फाटला न्हाई, पोरी."

"अहो, तुम्ही तरी नको म्हणा!" मी ह्यांच्यावर ओरडले. ह्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. सासऱ्याला नाही कसं म्हणणार! डबा हलायला लागला होता, तर ह्या माणसानं खाली बसून तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. धरला! मान खाली, डोळ्यांतून धार लागलेली, आणि माझ्या बापाला आपलं नाव खरवडायला सोपं जावं म्हणून डबा धरून बसला.

आधी भोकर गेलं, मग गजभारे, मग दगडोबा. आबांनी फुंकर मारून पांढरी भुकटी उडवली, हातानं पुसून खात्री केली.

"आता खुशाल फाडा," ते म्हणाले.