खिशातला फ्यूज

आधीच सांगून ठेवतो. या सदरात लोक जे लिहितात ना, पिंपळाखालची बाई, मागून येणारी हाक... ते वाचून मी आजवर नुसता हसत आलोय. बायको मन लावून वाचते आणि मी चहा पिता पिता टर उडवतो. मी वायर आणि बॅटरी मानणारा माणूस. करंट असला तर दिवा लागतो, नसला तर न्हाई, विषय संपला! म्हणून ही गोष्ट इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर लोक म्हणाले असते, शिवा पण गेला कामातून. आता बायकोच म्हणाली, "दुसऱ्याला हसता, एकदा तुमची पण लिहा की." तर लिहितोय.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी धारूरचा. माझी एक सेकंडहँड काळीपिवळी जीप होती, धारूर ते माजलगाव फेऱ्या मारायचो. घरात आम्ही तिघंच. मी, आई आणि माझी बायको सुमन. धंद्यात तेव्हा भलतीच चुरस सुरू झाली होती. शहरातनं नवी नवी सामानं येत होती, कुणी कॅसेटचा डेक बसवला, कुणी रंगीत लाइट लावल्या. स्टँडावर पाच जीपा उभ्या असल्या तर कॉलेजची पोरं कुठल्या जीपमध्ये बसणार? जिच्यात गाणं लागल्यावर छातीत धमक बसते, तिच्यात! माझ्या जीपमध्ये डेक होता, पण आवाज म्हणजे डब्यात खडे वाजवल्यासारखा. वूफर, म्हणजे धमक देणारा मोठा स्पीकर पाहिजे होता, आणि वूफरला ॲम्प्लिफायर पाहिजे होता. नुसत्या डेकच्या जोरावर तो हलत नाही.

बीडला गेलो. काचा लावलेल्या एका ऑडिओच्या दुकानात विचारलं. तिथला माणूस लई गोड बोलणारा. त्यानं एक चकचकीत ॲम्प्लिफायर पुढं ठेवला. वर स्टिकर, एक हजार वॅट. किंमत ऐकून म्हटलं, येतो जरा चहा पिऊन. आणि सरळ बशीरचाचांकडं गेलो.

बशीरचाचा म्हणजे आमच्या सगळ्या जीपवाल्यांचे इलेक्ट्रिशियन. पन्नाशीचे, डोळ्यावर दोरीनं बांधलेला चष्मा, आणि जिभेला अजिबात लगाम नाही. मी हजार वॅटचं सांगितल्यावर ते एवढे हसले की चष्माच खाली आला.

"हजार वॅट! अबे, मग तुझ्या जीपला त्या दुकानदाराची पिठाची गिरणी जोडून घे ना."

"स्टिकरवर लिहिलंय चाचा."

"स्टिकर काय, मी तुझ्या कपाळावर लावतो, शिवा कलेक्टर. होशील का कलेक्टर?" मग त्यांनी खिशातनं एक छोटा फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला. "ॲम्प्लिफायर घेताना स्टिकर बघायचं न्हाई, फ्यूज बघायचा. त्याच्यात फ्यूज केवढ्याचा होता? दहाचा? बॅटरी बारा व्होल्टची. दहा बारे एकशेवीस वॅट. त्याच्या वर जे लिहिलंय ती सगळी थाप. माणूस खोटं बोलतो, फ्यूज बोलत न्हाई."

हे वाक्य लक्षात ठेवा.

तर चाचांनीच मला ॲम्प्लिफायर जुळवून दिला. एका जुन्याचं ॲल्युमिनियमचं अंग, आत नवीन पार्ट, मापाचा फ्यूज. प्लायवुडची पेटी त्यांच्या ओळखीच्या सुतारानं केली, वर काळं कार्पेट चिकटवलं. एकदम शाही! माझ्या ऐपतीत बसलं आणि मी खूश.

बसवायला गेलो तो शुक्रवार. बॅटरीपासनं जाड वायर काढली, बॅटरीजवळच फ्यूज टाकला, अर्थिंगला रंग खरवडून पत्रा उघडा केला. चाचांचं काम म्हणजे काम, बघत राहावं. सगळं जोडून झालं. राहिलं एवढंच की मागच्या सीटमागं ती पेटी पत्र्याला स्क्रूनं पक्की करायची. तेवढ्यात जुम्म्याच्या नमाजची वेळ झाली. चाचांनी हातपाय धुतले, टोपी घातली आणि बजावलं, "पेटीला हात लावू नको. मी आलो की आधी खालनं बघतो, पत्र्याखाली काय काय गेलंय ते. मग स्क्रू मारू."

मी हो म्हटलं. पण मला कुठला दम निघतोय! सुमनला सातवा महिना सरत आला होता. पहिलटकरीण, आणि आठव्यात माहेरी पाठवत नाहीत म्हणून आईनं रविवारचा दिवस धरला होता. त्याच्या आधी शनिवारचा एक दिवस तरी धंदा करायचा, नव्या वूफरची स्टँडावर हवा करायची, असं माझ्या डोक्यात. चाचांचा ड्रिल तिथंच पडला होता. मी उचलला आणि चार भोकं पाडली. डब्यातले सगळ्यात लांब स्क्रू शोधले, म्हटलं हलायला नको. आवळले करकचून. एका भोकाला जरा कडक लागलं. जोर लावला, गेला आत.

चाचा आले. पेटी बसलेली बघून थांबले. "खालनं बघितलं का?"

"हो, बघितलं की," मी म्हणालो.

बघितलं नव्हतं. कपडे धुळीत मळतील म्हणून वाकलो पण नव्हतो.

शनिवारी चार फेऱ्या मारल्या. काय धमक, काय धमक! पत्रा थरथरायचा. बाकीचे जीपवाले तोंड वासून बघत होते. आई मात्र घरात बसून वैतागली. म्हणाली, "त्या पेटीत रेडा कोंडलाय का रे मुडद्या? गल्लीतली भांडी पडायलीत." आणि संध्याकाळी सुमननं हळूच सांगितलं, "अहो, ते वाजलं की बाळ लई दचकतं बघा. उद्या तेवढं बंद ठेवा."

मी लगेच बॉनेट उघडून वूफरचा फ्यूज काढला आणि माझ्या तंबाखूच्या डबीत टाकला. नुसतं बटण बंद केलं असतं तर वाटेत माझाच हात गेला असता, माझा माझ्यावर भरवसा नव्हता. फ्यूज काढला म्हणजे ॲम्प्लिफायर मेला. हे इतकं फोड करून सांगतोय, कारण सगळं इथंच अडतंय.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला निघालो. वडवणीला सासुरवाडी. लख्ख ऊन पडलेलं. मधल्या सीटवर सुमन आणि आई. मागं बोचकी, आणि वूफरच्या पेटीवर आईनं धपाट्यांचा स्टीलचा डबा ठेवलेला. डबी माझ्या वरच्या खिशात, डेक पण बंद. स्टँडाजवळ ब्रेक मारला तेव्हा पेडल थोडं मऊ वाटलं. म्हटलं, आल्यावर बघू.

गाव मागं पडलं. पुढं दोन-तीन किलोमीटर सपाट रस्ता, मग धारूरचा घाट. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि वळणं अशी की नवा ड्रायव्हर महादेवाचं नाव घेतो. मी मात्र तो घाट शिट्टी मारत उतरायचो.

आणि मागनं आवाज आला. धम्म.

आई खेकसली, "बंद कर म्हटलं होतं ना तुला!"

"बंदच हाय आई. बोचकं पडलं असंल."

थोडं पुढं गेलो. धम्म... धम्म. डब्याचं झाकण खणखणलं. आता मी गाडी चालवतोय, रस्ता गुळगुळीत, खड्डा नाही की काही नाही. मी खिशातनं डबी काढली, एका हातानं उघडून फ्यूज आईला दाखवला. "हे बघ! फ्यूज माझ्याकडं हाय. ते वाजूच शकत न्हाई!" माझा आवाज चढला होता, कारण मला घाम फुटला होता. तो आवाज मी ओळखत होतो. आदल्या दिवशी दिवसभर पाठीत घेतला होता. पत्रा थरथरतो, सीटमधून मणक्यात येतो... तोच!

घाटाची पहिली पाटी दिसली आणि तिसऱ्यांदा वाजलं. एकच, पण असं की आरसा हलला आणि डबा पेटीवरनं खाली पडला. धपाटी सगळी मागं सांडली.

सुमन ओरडली, "थांबवा! अहो, आत्ता थांबवा!"

लग्नानंतर ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. मी ब्रेकवर पाय ठेवला. पेडल सरळ पत्र्याला टेकलं.

पुन्हा दाबला. काहीच नाही. गाडी जरा उतारावर लागली होती, पण वेग अजून घेतला नव्हता. गिअर खाली टाकला, हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला आणि जीप रस्त्याकडच्या मुरमाच्या ढिगात घातली. थांबली. पुढचं चाक मुरमात अर्धं रुतलं. तिथून पहिलं वळण शंभर पावलांवर होतं.

मी उतरलो आणि ह्या वेळी कपड्यांचा विचार न करता जीपखाली उताणा झालो. मागच्या चाकाकडं जाणारा ब्रेक ऑइलचा पाइप ओला होता, थेंब टपकत होते. आणि पत्र्यातनं खाली आलेलं माझ्या स्क्रूचं टोक, घासून घासून चकाकणारं, बरोबर त्या पाइपला लागलेलं. शनिवारी दिवसभर ते त्याला कुरतडत होतं. मी चार फेऱ्या मारल्या होत्या, माणसं भरून.

जीपखालीच रडलो मी. लाज कसली! बाहेर आल्यावर दोघींना खरं सांगून टाकलं, की चाचा नको म्हणाले होते, मी स्क्रू मारले, वरनं खोटं बोललो. वाटलं आई मुस्काडात देईल. आईनं माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. सुमनच्या तोंडावरनं हात फिरवला, तिला सावलीतल्या दगडावर बसवलं आणि मला म्हणाली, "पाणी आण पोरीला." मग मी वळलो तेव्हा माझी पाठ धरून हमसून हमसून रडली. सुमन मात्र हसत होती, डोळ्यांतनं पाणी आणि हसू दोन्ही. "धपाटी सगळी मातीत गेली की हो," म्हणाली. मग आम्ही तिघंही हसायला लागलो, वेड्यासारखे. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. अर्ध्या तासानं एसटी आली आणि दोघी सुखरूप वडवणीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी माझा निरोप मिळून बशीरचाचा बीडहून थेट जीपपाशी आले. खाली शिरले, स्क्रू बघितला, बाहेर आले. मला वाटलं आता आईबहीण काढतील. ते एवढंच म्हणाले, "तू बोलला होता, बघितलं."

"खोटं बोललो चाचा."

"हं," म्हणाले आणि पाइप बदलायला घेतला. ते 'हं' मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मग मी आवाजाचं सांगितलं. चाचांनी ॲम्प्लिफायर उघडला. मी विचारलं, आत साठलेला करंट असंल का? ते म्हणाले, "तो काही मिनिटात मरतो, तू तर रात्रभर फ्यूज काढून ठेवला होता." डेककडनं येणारी वायर तपासली, कुठं शॉर्ट आहे का बघितलं. पेटीवर बुक्क्या मारल्या, खडे टाकले, जीप त्याच रस्त्यावर फिरवली. तसला आवाज एकदाही आला नाही. शेवटी चाचांनी माझ्या डबीतला फ्यूज उन्हात धरून बघितला. तार शाबूत होती.

"फ्यूज खोटं बोलत न्हाई, तुमीच म्हणले होते," मी म्हणालो.

चाचांनी फ्यूज माझ्या हातात परत दिला. मग चष्मा पुसत म्हणाले, "शिवा, माझ्या धंद्यात याला उत्तर न्हाई. तू वरच्याचा शुक्र कर आणि गप बस."

मी पण लई डोकं लावलं. स्पीकर सैल होता म्हणावं, तर तसला धक्का कुठून आला? तिघांनाही भास झाला म्हणावं, तर डबा कुणी पाडला? एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. नेहमीसारखा मी गाणी वाजवत निघालो असतो, तर तो आवाज गाण्यातच गेला असता. मी पुढं गेलो असतो, शिट्टी मारत.

आणि जे सुमननं सांगितलं, ते मी कुणालाच बोललो नव्हतो. बाळंतपणानंतर पोरीला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "तुम्हाला खोटं वाटंल. पण त्या दिवशी तिन्ही वेळा पोटात आधी ही हलली. मग ती पेटी वाजली."

मी हसलो नाही.

ती पोर आता मोठी झाली, नोकरीला लागली. गेल्या महिन्यात तिनं स्वतःची गाडी घेतली, आणि पहिली मागणी काय? "पप्पा, वूफर बसवायचाय." मी तिच्याबरोबर गेलो. दुकानातला माणूस म्हणाला, "काका, काळजी करू नका, आम्ही खालून सगळं बघितलंय." मी म्हटलं, बघितलं असेल बाबा. आणि नव्या शर्टासकट तिच्या गाडीखाली उताणा झालो. पोरगी लाजली. "पप्पा, उठा ना, लोक बघतायत!"

बघू देत की. वरनं तिचा आवाज येत होता, आणि मला तेवढाच ऐकायचा होता.