पदरानं पुसलेला कप

स्नेहलतागंजात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे काका संस्थानच्या कचेरीतून निवृत्त झालेले. संस्थान जाऊन मध्यभारत राज्य आलं, ते त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पण कुणी धुतलेलं भांडं फडक्यानं पुसलं की त्यांचं डोकं फिरे. "अरे भिया, कपडा म्हणजे गंदगीचं घर! भांडं उन्हानंच सुकलं पाहिजे."

बाई राखेनं भांडी घासून गेली की काका ती पुन्हा कढत पाण्यातून काढत, अंगणातल्या खाटेवर पालथी मांडत आणि कावळे हाकलायला काठी घेऊन शेजारी बसत. पावसाळ्यात काकू बिचाऱ्या ओल्या ताटांतच वाढत. कुणाकडे जाताना काकांच्या खिशात स्वतःचा पेला असायचाच.

माझं लग्न झालं तेव्हा ते सूनबाईला पाहायला आले आणि नेमका पेला घरी विसरले. माझी बायको महूची, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं कप विसळला, त्यांच्यादेखत पदरानं लख्ख पुसला आणि चहा भरून पुढे केला. आईनं डोळेच मिटून घेतले. काकांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चहा संपवला.

"बढिया झालाय, सूनबाई. अजून अर्धा कप चालेल."

ते गेल्यावर मी मुद्दाम भिंतीला कान लावला. पलीकडे काकांच्या गुळण्या चालल्या होत्या, पण सूनबाईला ऐकू जाऊ नयेत इतक्या हळू.